मोडलेला स्टड: जाम होऊन मोडला की ताणून मोडला?

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा वडिलांच्या जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड (वरचा भाग) गोणपाटात गुंडाळून माझ्या पुण्यातल्या धनकवडीच्या गॅरेजात घेऊन आला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचे, दोन स्टड (हेडमध्ये बसवलेले, वर नट लागणारे बिनडोक्याचे बोल्ट) मोडले होते. बोहरी आळीतून इझी-आऊटचा (मोडलेल्या तुकड्याच्या भोकात घालून तो उलटा फिरवून काढायच्या दांड्यांचा) संच आणून त्याने दोन्हींत भोक पाडलं होतं.

"काका, हा अर्ध्या मिनिटात निघाला. त्या दुसऱ्यात मात्र इझी-आऊटच मोडून बसलं. जोर तर तेवढाच लावला होता."

"मोडले कधी?"

"तो दुसरा गॅस्केट बदलायला नट खोलताना मोडला. बाकीच्यांवर भागेल म्हणून मॅनिफोल्ड परत चढवलं, तर आवळताना हा गेला."

उत्तर त्याच्या बोलण्यातच होतं. एक ताणून मोडला होता, एक जाम होऊन. वरून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात, भोकात अडकलेला लोखंडाचा तुकडा. पण आत चाललेली गोष्ट पूर्ण वेगळी असते, आणि काढायची पद्धतही तिच्यावरच ठरते.

आवळताना स्टड रबरासारखा ताणला जातो, अगदी थोडा. त्या ताणामुळेच नट घट्ट बसतो. ८ मिलिमीटरच्या, ८.८ ग्रेडच्या (हा मजबुतीचा दर्जा) स्टडला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पुरतो. पान्याला दीड फुटाचा पाईप लावून पंधरा किलोचा जोर दिला की तोच आकडा ६५च्या वर जातो. स्टड लांबतो, बारीक होतो आणि तुटतो. तुटला त्या क्षणी सगळा ताण संपलेला असतो. आत राहिलेल्या तुकड्याला कोणी ओढत नसतं, आटेही स्वच्छ असतात. असा तुकडा कधीकधी नुसत्या टोकदार पंचाने कडेला उलट्या दिशेने हलके ठोके दिले तरी फिरायला लागतो. उलट्या आट्यांचं ड्रिल असेल तर भोक पाडता पाडताच तो ड्रिलबरोबर बाहेर येतो. इथे इझी-आऊट वापरायला माझी काही हरकत नाही.

जाम झालेल्याचं तसं नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत जागाच नसते, म्हणून तो दाबून बसतो. एक्झॉस्टच्या बाजूला रोज तापणं, रोज थंड होणं, त्यात आपला चार महिन्यांचा पाऊस. नट स्टडला धरून बसतो, स्टड हेडला, आणि खोलताना पिळवटून मधेच तुटतो. मोडल्यावरही त्याची पकड तसूभर कमी होत नाही. ज्या पकडीपुढे अख्खा स्टड हरला, ती आत भोक पाडून पातळ केलेल्या तुकड्याने कशी सुटावी? वर इझी-आऊट निमुळतं असतं. जितकं आत जातं तितकं ते तुकड्याच्या भिंती बाहेर ढकलतं, म्हणजे जाम आणखी वाढवतं. शेवटी तेच मोडतं. ते कडक केलेल्या पोलादाचं असल्यामुळे आपलं नेहमीचं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं.

मोडताना तुम्ही तिथे नसाल, तर तुटलेलं तोंड बघा. घाई करू नका, कापडाने पुसून टॉर्च तिरका धरा. ताणून मोडलेल्याची मान बहुतेक वेळा बारीक झालेली असते, तोंड उंचसखल असतं आणि निघालेल्या तुकड्याशेजारी नवा स्टड धरला तर आटे एकमेकांपासून लांब गेलेले दिसतात. पिळवटून मोडलेल्याचं तोंड बहुधा सपाट असतं, त्यावर गोल फिरलेल्या रेषा असतात, मान जशीच्या तशी, आणि कडेला तपकिरी भुकटी.

याशिवाय एक फसवा प्रकार आहे. मॅनिफोल्डच्या दोन टोकांचे स्टड काही न करता, चालत्या गाडीत मोडतात. मॅनिफोल्ड तापून लांबतं, थंड होऊन आखडतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त हिसका टोकांना बसतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर टिक-टिक आवाज आणि गरम झाल्यावर तो कमी, असं असेल तर आधी तिथे बघा. याचं तोंड दोन रंगांचं असतं, जुन्या तड्याचा भाग काळपट आणि शेवटी तुटलेला भाग चकचकीत. कोणी खोलला नव्हता म्हणून लोक याला सोपा समजतात. पण तो वर्षानुवर्षं त्याच उष्णतेत आणि त्याच गंजात बसलेला असतो. मी त्याला जामच धरतो.

जाम स्टडला पहिलं औषध म्हणजे वेळ. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवायचं, मधूनमधून तुकड्याच्या डोक्यावर हातोडीने टकटक करायची. मग उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हेड पाण्याचा थेंब चुर्र होईल इतकं तापवलं की भोक सैल पडतं. बिडाच्या हेडमध्ये हा फायदा मिळत नाही, कारण दोन्ही धातू सारखेच फुगतात. तिथे स्टडच तापवावा लागतो.

माझा सगळ्यात जास्त विश्वास वेल्डिंगवर आहे. तुकडा थोडा वर असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून टाका भरायचा. सपाटीला असेल तर आधी वॉशर, मग नट. स्टड लाल होतो, निवताना आखडतो आणि गंजाची पकड तडकते. शिवाय फिरवायला नवा नट मिळतो. लगेच पाना लावू नका, निवू द्या. मग पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल टाकायचं. पुढे-मागे करतच तो बाहेर येतो. इंजिन गाडीतच असेल तर वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

तेही जमलं नाही तर ड्रिल. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे ड्रिल स्टडवरून त्याच्याकडे पळतं. म्हणून मी मॅनिफोल्डच्या भोकात बसेल असा बुश (जाड पोकळ नळी) लेथवर करून घेतो आणि त्याच्यातून ड्रिल घालतो. ८ मिलिमीटरच्या १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) स्टडला ६.८चं भोक बरोबर मध्यावर पडलं, तर उरलेले आटे स्प्रिंगसारखे सोलून निघतात. मध्य चुकला आणि हेडचे आटे गेले, तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी.

त्या मुलाच्या हेडमध्ये मात्र मोडलेलं इझी-आऊट होतं, त्यामुळे यातलं काहीच चालणार नव्हतं. हेड भोसरीला स्पार्क इरोजन करणाऱ्याकडे पाठवलं. तिथे तांब्याच्या इलेक्ट्रोडने ठिणग्या पाडत कडक पोलादही खाऊन टाकतात. संध्याकाळी हेड परत आलं तेव्हा भोकात स्टडची कागदासारखी पातळ साल उरली होती. ती मुलानेच टोकदार सुईने काढली. मग आटे साफ करायला भोकातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला, हवा मारली, नाना पेठेतून सगळेच्या सगळे स्टड आणि नट नवे आणले. उष्णता सोसणारं तांब्याचं ग्रीस लावून ते हेडमध्ये बसवले आणि गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्याने नट मधून टोकांकडे, दोन टप्प्यांत आवळले. पाईप मी त्याच्या हातातून काढून घेतला होता.