होम थिएटर पीसीसाठी व्हिडिओ डिकोडरची निवड

टीव्ही किंवा प्रोजेक्टरला एचडीएमआय केबलने जोडलेला आणि मुख्यतः चित्रपट, मालिका, रेकॉर्डिंग पाहण्यासाठी ठेवलेला संगणक म्हणजे होम थिएटर पीसी. फाइलमध्ये दाबून साठवलेल्या व्हिडिओतून एकेक फ्रेम उलगडून देणारा प्रोग्रॅम म्हणजे डिकोडर. ही नोंद प्रामुख्याने विंडोज प्रणालीबद्दल आहे, कारण डिकोडर स्वतंत्रपणे निवडण्याची मुभा आणि त्यातून होणारा घोळ या दोन्ही गोष्टी तिथेच सर्वाधिक आढळतात.

‘सर्वांत चांगले चित्र कोणता डिकोडर देतो?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो, पण तो मुळातच चुकीचा आहे. एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) या व्हिडिओ दाबण्याच्या मानकांत, म्हणजे कोडेकांत, डिकोडरने काढलेली फ्रेम बिटागणिक कशी असावी हे ठरलेले आहे. नियम पाळणारे दोन डिकोडर एकाच फाइलमधून तंतोतंत तीच फ्रेम देतात. मग एक फुकट असो वा दुसरा विकतचा. एमपेग-२ मध्ये गणिती रूपांतरात किंचित फरकाला वाव होता, पण तो डोळ्यांना दिसण्याइतका नसतो. दिसणारे फरक पुढच्या टप्प्यांत पडतात: इंटरलेस (फ्रेमच्या सम-विषम ओळी आळीपाळीने दाखवणे) काढणे, आकार वाढवणे, रंगांची पातळी, एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेले चित्र). डिकोडर निवडायचा तो वेग, ग्राफिक्स चिपशी जुळणी आणि खराब फाइलवर न अडखळण्याची क्षमता पाहून.

विंडोजच्या डायरेक्टशो पद्धतीत काम साखळीने चालते. स्प्लिटर एमकेव्ही, एमपी४ किंवा टीएस फाइलमधून व्हिडिओ, आवाज व उपशीर्षके वेगळी करतो, डिकोडर फ्रेम उलगडतो आणि रेंडरर त्या पडद्यावर मांडतो. प्रत्येक कडीला, म्हणजे फिल्टरला, ‘मेरिट’ नावाचा अग्रक्रमांक असतो, आणि प्लेअरने स्वतः काही ठरवले नसेल तर जास्त मेरिटचा फिल्टर आपोआप घुसतो. दोन-तीन कोडेक पॅक (अशा फिल्टरांचे गठ्ठे) एकावर एक टाकले की नेमका कोणता डिकोडर चालू आहे हे कळेनासे होते. नवा पॅक टाकण्यापूर्वी जुना काढून टाकावा. ३२-बिट प्लेअरला ३२-बिट फिल्टरच दिसतात आणि ६४-बिट प्लेअरला ६४-बिट. ‘टाकला तरी चालत नाही’ अशा तक्रारींत हे कारण बऱ्याचदा निघते.

एके काळी येथे बरीच नावे होती. २००६ च्या सुमारास आलेला विकतचा कोअरएव्हीसी त्या काळच्या कमकुवत प्रोसेसरवर एच.२६४ वेगाने चालवी, म्हणून लोकप्रिय झाला. एफएफडीशो अनेक वर्षे सर्वत्र होता, आता त्याचा विकास थांबला आहे. आज डायरेक्टशोसाठी व्यवहारात एकच शिफारस उरते: लॅव्ह फिल्टर्स. हेंड्रिक लेप्केस यांनी एफएफएमपेग या मुक्त डिकोडर-संग्रहाच्या आधारे बनवलेला हा मोफत संच असून त्यात स्प्लिटर, व्हिडिओ डिकोडर व ऑडिओ डिकोडर तिन्ही आहेत. एमपीसी-एचसी प्लेअरमध्ये तो अंगभूतच येतो, तेव्हा वेगळा टाकायची गरज नाही. व्हीएलसी, कोडी आणि एमपीव्ही हे प्लेअर आपले डिकोडर सोबत घेऊनच येतात. संगणकात टाकलेल्या डायरेक्टशो फिल्टरकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत.

निवडीआधी फाइल तपासावी. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडून पाच गोष्टी पाहाव्यात: कोडेक, प्रोफाइल (कोडेकचा उपप्रकार), बिट डेप्थ (रंगाची छटा किती बिटांत साठवली ते), फ्रेमचा वेग आणि स्कॅनचा प्रकार (अखंड फ्रेम की इंटरलेस). मग ग्राफिक्स चिप स्वतः काय उलगडू शकते (हार्डवेअर डिकोडिंग) ते पाहावे. तिला न जमणारे काम प्रोसेसरवर पडते (सॉफ्टवेअर डिकोडिंग). इंटेलच्या सहाव्या पिढीपासून ८-बिट एचईव्हीसी, सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसी व व्हीपी९, तर अकराव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सपासून एव्ही१ हार्डवेअरवर उलगडते. एनव्हिडियाच्या जीटी १०३० व जीटीएक्स १०५० मध्ये १०-बिट एचईव्हीसी आहे, एव्ही१ मात्र आरटीएक्स ३० मालिकेपासून. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेत एव्ही१ आहे, पण तिच्यातल्याच स्वस्त आरएक्स ६४०० व ६५०० एक्सटी या कार्डांत ते नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी जीटी ७१० किंवा जीटी ७३० कार्डे एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडत नाहीत. ४के साठी ती घेणे म्हणजे पैसे वाया.

एक प्रकार कायम त्रास देतो: १०-बिट एच.२६४, म्हणजे हाय१०. जपानी ॲनिमेशनच्या फाइलींत तो खूप आढळतो आणि बहुतेक ग्राफिक्स चिपना तो जमत नाही. अशा वेळी लॅव्ह निमूटपणे सॉफ्टवेअर डिकोडिंगवर येतो. प्रोसेसरचा वापर एकदम वाढला तरी तो बिघाड समजू नये. १०८०पी एव्ही१ साठीही हार्डवेअर अनिवार्य नाही. लॅव्हमध्ये वापरलेला व्हिडिओलॅनचा डेव्ह१डी हा डिकोडर अलीकडच्या चार कोअरच्या प्रोसेसरवर ते सहज पेलतो.

लॅव्ह व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर डिकोडर’च्या यादीतून डी३डी११ (विंडोजचा ग्राफिक्स चिपकडे काम सोपवण्याचा मार्ग) निवडावे, खालच्या कोडेकपैकी चिपला जमणाऱ्या तेवढ्यांवर खूण करावी आणि यूएचडीची (४के) खूण विसरू नये. डी३डी११ थेट चालण्यासाठी रेंडररही त्याला जुळणारा हवा, मॅडव्हीआर किंवा एमपीसी व्हिडिओ रेंडरर. जुन्या ईव्हीआर रेंडररसोबत ‘डीएक्सव्हीए२ नेटिव्ह’ हा जुना मार्ग ठेवावा. नेटिव्ह प्रकारात फ्रेम ग्राफिक्स चिपकडेच राहते. कॉपी-बॅक प्रकारात उलगडलेली फ्रेम ग्राफिक्स चिपकडून मुख्य मेमरीत परत आणली जाते, म्हणजे तिच्यावर कोणतीही प्रक्रिया करता येते. पण १०-बिट ४के ची एक फ्रेम सुमारे २५ एमबीची असते. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्यावर दीड जीबीची ने-आण झाली, आणि मेमरीची एकच पट्टी लावलेल्या अंगभूत ग्राफिक्सच्या मशीनवर हा भार जाणवतो. दुसरी पट्टी लावावी किंवा नेटिव्ह प्रकार वापरावा.

लावलेली सेटिंग खरेच लागू झाली का, हे फाइल चालू असताना पाहावे. लॅव्हच्या खिडकीत ‘ॲक्टिव्ह डिकोडर’समोर एव्हीकोडेक दिसले तर काम सॉफ्टवेअरवर चालले आहे. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलायला हवा. एमपीसी-एचसीमध्ये कंट्रोल-जे आणि एमपीव्हीमध्ये आय ही कळ दाबली की सुटलेल्या फ्रेमची संख्या दिसते. २३.९७६च्या चित्रपटात प्रत्येक फ्रेमला ४१.७ मिलिसेकंद मिळतात, ६०च्या व्हिडिओत जेमतेम १६.७. म्हणून चाचणी ६०च्या फाइलवर घ्यावी.

जुन्या डिस्क हे वेगळे प्रकरण आहे. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या. एमपेग-२चा भार नगण्य असल्याने हार्डवेअरचा हट्ट सोडून सॉफ्टवेअर डिकोडिंग घ्यावे, म्हणजे लॅव्हचा याडिफ डीइंटरलेसर वापरता येतो. चित्रपटाच्या डीव्हीडीसाठी ‘२५पी/३०पी’ निवडावे, कारण मूळ फ्रेम अखंडच असतात. व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेले नाटक, मैफल किंवा टीव्ही ट्यूनरवरून केलेले रेकॉर्डिंग असेल तर ‘५०पी/६०पी’ घ्यावे, नाहीतर हालचाल धक्क्याधक्क्याने दिसते. तबलजीचे हात पाहिले की फरक लगेच कळतो. टीव्हीचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो ते) त्या वेळी ५० हर्ट्‌झ हवा. व्हीसीडी तर एमपेग-१ ची, ३५२ बाय २८८. तिच्या एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसीत थेट चालते. ५५ इंची पडद्यावर ती धूसर दिसणारच, त्याला कोणताही डिकोडर काय करणार?

चित्र बिघडले की दोष सहसा डिकोडरवर टाकला जातो, पण लक्षणे वेगळेच सांगतात. काळा रंग राखाडी दिसतो किंवा अंधारातला तपशील गिळला जातो, तेव्हा काळ्या-पांढऱ्याच्या १६–२३५ (टीव्हीची) व ०–२५५ (संगणकाची) या पातळ्यांची गल्लत झालेली असते. ड्रायव्हर आणि टीव्ही यांची पातळी जुळवावी, लॅव्हमध्ये ‘अनटच्ड’ राहू द्यावे. ४के चित्रपट फिक्का, धुतल्यासारखा दिसला तर एचडीआरची माहिती रेंडरर हाताळत नाही. हिरवी-जांभळी छटा डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराच्या प्रोफाइल ५ ची. तिला तो समजणारा रेंडररच लागतो, उदाहरणार्थ एमपीव्हीचा जीपीयू-नेक्स्ट. दर काही सेकंदांनी एक बारीक झटका बसत असेल तर फ्रेमचा वेग आणि रिफ्रेश रेट जुळत नाहीत. कोडीमध्ये ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ चालू केले की हा त्रास जातो. चौकोनी ठोकळे उमटणे हे बहुधा खराब फाइल किंवा कमकुवत सिग्नलचे लक्षण. हार्डवेअर डिकोडर अशा प्रवाहावर कधीकधी गोठतो, सॉफ्टवेअर डिकोडर ठोकळे दाखवत का होईना पुढे सरकतो. टीव्ही रेकॉर्डिंगसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

लिनक्सवर डायरेक्टशोची साखळी नाही. तेथे इंटेल व एएमडीसाठी व्हीएएपीआय आणि एनव्हिडियासाठी एनव्हीडेक वापरतात. व्हीएइन्फो ही आज्ञा दिली की चिपला जमणाऱ्या प्रोफाइलची यादी मिळते. फक्त कोडी चालवायचे असेल तर लिब्रइलेक ही आटोपशीर प्रणाली पुरते.

काही ठिकाणी निवडीला वावच नसतो. नेटफ्लिक्ससारख्या सेवा आपल्या संरक्षित मार्गानेच चित्र उलगडतात, लॅव्हचा तिथे संबंध येत नाही. विंडोजच्या स्वतःच्या ॲपमध्ये एचईव्हीसी हवे असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विकतचे एक्स्टेन्शन घ्यावे लागते. अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्क अधिकृत प्लेअरवर चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागते, आणि डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून इंटेलने ती काढून टाकली. अशा डिस्कचा संग्रह असणाऱ्याने नवा पीसी न घेता टीव्हीशेजारी वेगळा डिस्क प्लेअर ठेवलेला बरा.