माणशी तास नकोत, कामाच्या तारखा बघा: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रोजेक्ट सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की जवळजवळ प्रत्येक ग्राहकाकडून एकच मेसेज येतो. "तुमच्या टीममध्ये कोण किती तास बसतो, दिवसाला किती टास्क संपवतो, त्याचं शीट दर शनिवारी पाठवत जा." फोनवर ह्याचं उत्तर नीट देता येत नाही, अर्धवट सांगितलं तर आम्ही काहीतरी लपवतोय असं वाटतं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. ज्यांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो किंवा सांभाळतो त्यांच्यासाठी हे आहे, पण ज्यांच्याकडे स्वतःचे दोन-चार डेव्हलपर आहेत त्यांनाही उपयोगी पडेल. टेस्ट सर्व्हर म्हणजे बदल आधी तपासून बघायची वेगळी प्रत आणि लाइव्ह करणं म्हणजे तो बदल रोजच्या वापरातल्या सिस्टिमवर टाकणं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चाललोय.

प्रश्न चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. पैसे तुमचे जातात, तर कामाचा हिशोब मागायचा हक्कही तुमचाच. आमचे बरेचसे ग्राहक हॉटेलवाले, काजूवाले, औषधांचे डिस्ट्रिब्युटर आणि पतसंस्था, आणि ह्या सगळ्यांकडे हजेरी आणि नग मोजायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे आणि तिथे ती बरोबर चालते. सॉफ्टवेअरमध्ये तीच पद्धत लावली की गडबड होते, आणि ती गडबड शेवटी तुमच्याच बिलात येते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे माणशी आकडा मागणं आणि मग तो वाढवायला सांगणं. माणसागणिक टास्क मोजले जातायत हे टीमला कळलं की महिन्याभरात टास्क वाढतात, कारण जे काम एका टास्कमध्ये लिहिलं जायचं ते चार तुकड्यांत लिहिलं जातं. सोपी कामं पटापट उचलली जातात आणि अवघड काम खाली पडून राहतं, ते घेतलं तर त्या आठवड्याचा आकडा पडणार ना. आणि टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस, जो दिवसभर दुसऱ्यांचा कोड तपासतो, नव्या मुलांच्या अडचणी सोडवतो, चुकीचं डिझाइन वेळेत थांबवतो, तो शीटमध्ये सगळ्यात खाली दिसतो. असं शीट हातात घेऊन "हा माणूस काही करत नाही, ह्याला काढा" असं आम्हाला सांगितलं गेलंय, आणि आम्ही नाही म्हटलंय, कारण तो माणूस गेला असता तर बाकीच्यांचं काम अडलं असतं.

उदाहरण बिलिंगचंच घेऊ. महिन्याच्या शेवटी जीएसटीची बेरीज काही पैशांनी जुळत नाही अशी तक्रार येते. डेव्हलपर दोन दिवस जुनी बिलं उपसतो आणि शेवटी सापडतं की राउंडिंग बिलाच्या प्रत्येक ओळीला होतंय आणि खाली एकूण रकमेवर परत एकदा होतंय. दुरुस्ती एका ओळीची. शीटमध्ये काय दिसणार, दोन दिवस, एक टास्क, एक ओळ. पण ते काम झालं नसतं तर रिटर्न भरताना तुमचा सीए तुम्हाला फोन करत बसला असता.

हे नवीन नाही. ॲपलमध्ये १९८२ साली लिसा कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बनत होतं, तेव्हा मॅनेजरांनी प्रत्येक इंजिनियरला आठवड्यात किती ओळी कोड लिहिला त्याचा फॉर्म भरायला लावला होता. बिल ॲटकिन्सन ह्या इंजिनियरने त्या आठवड्यात ग्राफिक्सचा एक मोठा भाग नव्याने लिहून कितीतरी पट वेगवान केला होता आणि ते करताना कोड सुमारे दोन हजार ओळींनी कमी झाला होता, म्हणून त्याने फॉर्मवर उणे २००० असं लिहून दिलं. थोड्या आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. चार्ल्स गुडहार्ट ह्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनाच्या धोरणाबद्दल हेच मांडलं होतं, की एखादा आकडा आटोक्यात आणायला त्याच्यावर दाब दिला की तो आधी जी खरी स्थिती दाखवायचा ती दाखवेनासा होतो.

"जे मोजता येत नाही ते आटोक्यात ठेवता येत नाही" हे वाक्य काही ग्राहक आम्हाला ऐकवतात. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ह्या अर्थाचं वाक्य टॉम डीमार्को यांनी १९८२ मध्ये लिहिलं होतं आणि २००९ मध्ये त्यांनीच लेख लिहून त्या मताचा फेरविचार केला, की कडक नियंत्रण लागतं ते मुळात कमी फायद्याच्या प्रोजेक्टला. मोजू नका असं आम्हीही म्हणत नाही, आम्ही भरपूर मोजतो, फक्त माणसाऐवजी काम मोजतो.

म्हणजे काय तर प्रत्येक कामाच्या चार तारखा. तुम्ही मागितलं कधी, आम्ही हातात घेतलं कधी, टेस्ट सर्व्हरवर तुम्हाला बघायला दिलं कधी आणि लाइव्ह झालं कधी. बस. समजा हॉटेलच्या सिस्टिममध्ये बुकिंग रद्द झाल्यावर रिफंडचा हिशोब आपोआप व्हायला हवा, असं तुम्ही ३ तारखेला सांगितलं. आम्ही ६ ला घेतलं, ९ ला तयार करून टेस्टला दिलं, तुमच्याकडून १९ ला बघून झालं आणि २० ला लाइव्ह गेलं. एकूण १७ दिवस, त्यातले कोड लिहिण्याचे ३. आता माणशी तासांचं शीट घेऊन कितीही ताण दिला तरी तुम्ही त्या ३ दिवसांतून फार तर अर्धा दिवस कमी कराल, आणि टेस्टसाठी पडून राहिलेले १० दिवस तसेच राहतील. गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीचं तसंच आहे बघा, बोट नदी ओलांडते थोडक्या वेळात, तुमचा वेळ जातो तो धक्क्यावर रांगेत, मग बोटीचं इंजिन वाढवून काय होणार.

हे आम्ही ग्राहकावर ढकलायला सांगत नाही. ३ ते ६ हे तीन दिवस आमच्या रांगेतले आहेत आणि ते कमी करणं आमचं काम, आणि त्याचा जाब तुम्ही आम्हाला विचारायलाच हवा, तारखा समोर असल्या की तो नेमका विचारता येतो. पण टेस्टिंगला लागणारा वेळ फक्त तुम्हीच कमी करू शकता. त्यासाठी एकच विनंती, तुमच्याकडून एक माणूस ठरवून द्या ज्याचं हो म्हणजे हो. मालक बाहेरगावी, मॅनेजर म्हणतो अकाउंटंटला विचारा, अकाउंटंट म्हणतो मालकांना येऊ द्या, ह्यात कामं आठवडेच्या आठवडे पडून राहतात आणि तेवढ्या वेळात डेव्हलपर दुसऱ्या कामात शिरलेला असतो, मग तुमची दुरुस्ती आली की त्याला सगळं परत आठवायला अर्धा दिवस जातो.

दुसरा आकडा आम्ही बघतो तो म्हणजे एका वेळी किती कामं अर्धवट चालू आहेत. हे साधं वाटतं पण जास्तीत जास्त फरक इथेच पडतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, रांगांचा हिशोब करणारे तो सगळीकडे वापरतात: एखादं काम सरासरी किती वेळ आत अडकून राहणार ते काढायला आत असलेल्या कामांच्या संख्येला काम संपण्याच्या वेगाने भागायचं. टीम आठवड्याला ४ कामं संपवत असेल आणि १२ चालू करून ठेवली असतील तर प्रत्येक कामाला सरासरी ३ आठवडे लागणार. संपवण्याचा वेग तोच ठेवून चालू कामं ४ वर आणली तर सरासरी एक आठवडा. कोणी जास्त तास बसलं नाही, कोणाला ओरडावं लागलं नाही. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे जो काही लोकांना अडेलतट्टूपणा वाटतो: हातातलं एक काम बाहेर पडल्याशिवाय नवीन आत घेत नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "हे पण जरा बघा" असं आलं तर ते नोंदवलं जातं, त्याच क्षणी सुरू होत नाही. तुम्हाला ते आधी हवं असेल तर जरूर घेऊ, पण चालू असलेल्यातलं कुठलं मागे सरकवायचं ते तुम्ही सांगायचं.

खरं अर्जंट असतंच, ते आम्हाला कळतं. २२ सप्टेंबर २०२५ ला साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेल रूमवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा तारीख सरकारने ठरवलेली, तिथे बाकी सगळं बाजूला ठेवावंच लागतं. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते, ते स्क्रीन अडलं तर तेही अर्जंट. बॅनरचा रंग अर्जंट नसतो. प्रत्येक कामावर अर्जंट लिहून आलं तर आम्हाला निवडता येत नाही, आणि मग जे खरंच तातडीचं आहे तेच मागे पडतं ही आमची खरी काळजी आहे.

"उशीर होतोय तर अजून तीन माणसं लावा, पैसे देतो." हे पण दरवेळी. फ्रेड ब्रुक्स यांनी १९६० च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० ह्या प्रचंड सॉफ्टवेअरचं काम सांभाळलं होतं आणि १९७५ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो अजून लांबतो. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो, आणि आपसात बोलायच्या जोड्या भराभर वाढतात, ५ जणांत १० जोड्या होतात आणि ८ जणांत २८. माणसं वाढवायची असतील तर लवकर वाढवायची. ऑक्टोबरच्या सीझनला सिस्टिम तयार हवी असेल तर जूनमध्ये बोला, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपतीची चवथ येते, घरोघरी माणसं सुट्टीवर असतात, तेव्हा नवीन माणूस आणून काही हाती लागत नाही. जास्त माणसांचे पैसे घेऊन गप्प बसणं आम्हाला सोपं होतं, तरी आम्ही ते करत नाही.

आता दर्जा. ह्यासाठी डोरा नावाच्या संशोधन गटाचे चार आकडे जगभर वापरले जातात, हा गट २०१८ मध्ये गूगलने घेतला. नवीन बदल किती वेळा लाइव्ह जातात, लिहिलेला कोड लाइव्ह व्हायला किती वेळ लागतो, लाइव्ह गेलेल्यांपैकी किती बदलांनी काहीतरी मोडलं आणि मोडलं तर परत चालू व्हायला किती वेळ लागला. त्यांच्या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाचं दिसलं ते हे, की चांगल्या टीम वेगवानही असतात आणि त्यांचं मोडतंही कमी, म्हणजे वेग हवा असेल तर मोडतोड सहन करावी लागते ही समजूत खरी नाही. छोटे छोटे बदल वारंवार लाइव्ह केले की काय मोडलं ते लगेच सापडतं. "सगळं एकदम महिन्याच्या शेवटी टाका" असं तुम्ही म्हणता तेव्हा आम्ही का वाद घालतो ते आता लक्षात येईल.

पण हे आकडे वाचतानाही जपून. महिन्यात तीनच बदल लाइव्ह गेले आणि एकात चूक निघाली तर ते ३३ टक्के दिसतं, तेवढ्या थोड्या कामावरून टक्केवारी काढून उपयोग नाही, चूक काय होती ते विचारा. आणि दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांशी तुलना नको, त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यांच्या अडचणी वेगळ्या. कोटेशनमध्ये जे पॉइंट लिहिलेले असतात त्यांचंही तेच, काम किती मोठं आहे त्याचे ते आमच्या टीमचे आपसातले अंदाज आहेत, दर ठरवायला वापरू नका.

राहता राहिला प्रश्न, मग कामचुकार कोण ते कळतं कसं. कळतं, आणि लवकर कळतं. प्रत्येकाचा कोड लाइव्ह जायच्या आधी दुसरा कोणीतरी वाचतो, त्यात कोण मन लावून करतो आणि कोण उरकतो ते लपत नाही. आठवड्यातून एकदा टीम लीड प्रत्येकाशी वेगळं बसून बोलतो, कुठे अडलं, का अडलं. पुष्कळदा आळस नसतोच, कोणाला काम नीट समजलेलं नसतं, कोणाच्या घरी आजारपण असतं, कोणाला मागितलेला पासवर्ड तुमच्या ऑफिसातून आलेला नसतो. खरंच काम न करणारा असेल तर त्याला बदलणं ही आमची जबाबदारी आणि त्याचं बिल तुम्हाला लागत नाही. कॉम्प्युटरवर दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर बसवा अशी मागणी येते, ते आम्ही बसवत नाही, कारण त्यातून माउस हलतोय एवढंच कळतं आणि चांगली मुलं सोडून जातात. गोव्यातून पुण्या-बंगळुरूला जाणारी मुलं आधीच कमी नाहीत, जी इथे राहून काम करतायत ती टिकली तर तुमची सिस्टिम ओळखणारा माणूस पुढच्या वर्षीही फोनवर मिळेल.

मेंटेनन्स करारातल्या सगळ्या ग्राहकांना दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पानी रिपोर्ट जातो, कामांच्या चार तारखा, चालू कामांची संख्या, काय मोडलं आणि किती वेळात सुधारलं. त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुमची स्वतःची टीम असेल किंवा सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणाकडून करून घेत असाल तरी असा रिपोर्ट सुरू करून देतो, बहुतेक माहिती तुमच्या टास्क लिस्टमध्ये आधीच असते, ती फक्त नीट लावायची असते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही येऊन अर्धा दिवस बसतो, पहिल्या बैठकीचे पैसे घेत नाही, आणि तुमच्याकडे आहे तेच बरं चाललंय असं दिसलं तर तसंच सांगतो.

जुन्या ग्राहकांनी एवढं करा, टेस्ट करून हो म्हणणाऱ्या माणसाचं नाव आणि तो नसेल तेव्हा दुसरं कोण, हे आम्हाला ह्याच आठवड्यात कळवा. टेस्टचा मेल आला की तीन कामाच्या दिवसांत बघून उत्तर द्या, चूक असेल तर स्क्रीनशॉट आणि बिल नंबर टाका, "चालत नाही" एवढंच लिहू नका. ऑफिस सोमवार ते शनिवार चालू असतं, चवथीला बंद, पण लाइव्ह सिस्टिम बंद पडली तर करारावरचा सपोर्ट नंबर त्या दिवसांतही उचलला जातो.