पहिली एअर रायफल आणि स्कोप घेण्यापूर्वी: नव्या नेमबाजांसाठी व त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून व उभ्याने) प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिक येथे नेमबाजीत विश्वविजेत्या ठरल्या होत्या, तेव्हापासून कोल्हापूरला नेमबाजी नवी राहिलेली नाही. तरीही पॅरिसनंतर आमच्या छोट्या दुकानात मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांची संख्या वाढली आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची मागणी एकाच शब्दांत येऊ लागली: "एक चांगली रायफल दाखवा आणि तिच्यावर भारी स्कोपही बसवून द्या." या मागणीचा दुसरा अर्धा भाग बहुतेकदा अनावश्यक असतो. त्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी आपण हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे.

ऑलिंपिकमधील 10 मीटर एअर रायफल प्रकारात स्कोपचा, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीचा, वापर नियमांनीच वर्ज्य आहे, आणि 50 मीटर थ्री पोझिशनमध्येही तोच नियम लागू होतो. दूरदर्शनवर नेमबाजाच्या डोळ्याजवळ जी गोल डबी दिसते, ती पीप साइट असते आणि तिच्यात वस्तू मोठी करून दाखवणारे भिंग नसते. मागच्या चकतीतील बारीक छिद्रातून पाहायचे, नळीच्या टोकावरील माशीच्या (नेम धरायच्या खुंटीच्या) जागी बसवलेल्या कड्यात लक्ष्याचे काळे वर्तुळ मधोमध आणायचे आणि त्या काळ्याभोवती पांढरी कडा सगळीकडे सारखी दिसते की नाही हे तपासायचे, एवढेच तिचे काम असते. या साधनाने 10 मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा दहा गुणांचा ठिपका साधावा लागतो. संपूर्ण लक्ष्याचा व्यास साडेपंचेचाळीस मिलिमीटर, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडापेक्षाही लहान असतो.

म्हणून आपल्या मुलाला किंवा मुलीला नेमके काय करायचे आहे, हे आधी ठरवावे. शालेय नेमबाजी स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे दोन स्वतंत्र गट असतात. ओपन साइटमध्ये मागची खाच आणि पुढची माशी एवढ्यावरच नेम धरायचा असतो, त्यामुळे साधी रायफल घेऊन सुरुवात करता येते व खर्च मर्यादित राहतो. पीप साइटच्या गटात पुढे आंतरराष्ट्रीय प्रकारापर्यंत जाण्याची वाट आहे. मात्र रायफल, जॅकेट आणि पँट यांचा खर्च टप्प्याटप्प्याने वाढत जातो. स्कोपची गरज या दोन्हींपेक्षा वेगळ्या तिसऱ्या ग्राहकाला असते. तो स्वतःच्या शेतात किंवा बंदिस्त आवारात कागदी अथवा धातूच्या लक्ष्यांवर, वीस ते चाळीस मीटर अंतरावरून, केवळ हौसेसाठी सराव करतो. पक्षी किंवा प्राणी मारण्याच्या विचाराने कोणी आले, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 ची आठवण करून देऊन आम्ही विक्रीस नम्रपणे नकार देतो.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर 0.177 इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर कॅलिबरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि नळीतून बाहेर पडताना 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जा न देणाऱ्या एअर रायफलसाठी शस्त्र परवाना लागत नाही. यापैकी कोणतीही मर्यादा ओलांडली की परवाना आवश्यक ठरतो. 50 मीटरच्या 0.22 रायफलमध्ये दारूची काडतुसे वापरली जातात, त्यामुळे ती परवान्याशिवाय घेता येत नाही, आणि पहिली रायफल म्हणून तिचा विचार करण्याचे कारणही नाही. परवाना लागत नसला तरी आम्ही प्रत्येक विक्रीच्या वेळी ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा घेतो आणि रायफलच्या क्रमांकासह नोंद ठेवतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या रायफलचे बिल पालकांच्या नावानेच केले जाते.

रायफलच्या यंत्रणेचे मुख्य तीन प्रकार बाजारात आढळतात. स्प्रिंगची रायफल नळी बिजागरीवर खाली वाकवून किंवा बाजूची दांडी ओढून भरली जाते. ती स्वस्त व टिकाऊ असते आणि हवा भरण्याच्या सिलिंडरवर अवलंबून नसते. पण चाप ओढल्यावर आतला जड पिस्टन पुढे धावत असल्याने ती आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते. छरा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच हा धक्का सुरू झालेला असतो, त्यामुळे पकडीत झालेली लहानशी चूकही कागदावर मोठी होऊन दिसते. काही प्रशिक्षक याच कारणासाठी मुलांना पहिले वर्ष स्प्रिंगवर काढायला लावतात, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. दुसऱ्या प्रकारात दांडीच्या एका ओढीने एका गोळीपुरती हवा दाबली जाते. या रायफलींना धक्का जवळजवळ नसतो, मात्र प्रत्येक गोळीमागे लागणारा जोर लहान मुलांना झेपत नाही. तिसरा प्रकार पीसीपी, म्हणजे सुमारे 200 बार दाबाने आधीच भरलेल्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलींचा असून, आज स्पर्धेच्या रेंजवर प्रामुख्याने त्याच दिसतात. पीसीपी घेताना हवा कोठे आणि कशी भरणार हा प्रश्न आधी सोडवावा, आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख अवश्य पाहावी, कारण दहा वर्षे उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही व सुरक्षितही समजला जात नाही. जुन्या रायफलीच्या व्यवहारात ही तारीख विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो.

वेगाच्या आकड्यांना मात्र भुलू नये. खोक्यावर ठळक छापलेला मोठा वेग पाहून रायफल निवडणारे ग्राहक आम्हाला आठवड्यातून एकदा तरी भेटतात. स्पर्धेच्या उत्तम रायफलीचा छरा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने जातो. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असलेल्या छऱ्यासाठी ही ऊर्जा जेमतेम साडेसात जूल भरते, आणि कागदाला स्वच्छ भोक पाडायला तेवढी पुरते. याहून जास्त वेगासाठी जड स्प्रिंग लागते, जड स्प्रिंगमुळे धक्का वाढतो, आणि छरा आवाजाच्या वेगाजवळ पोहोचला की त्याची वाटचाल अस्थिर होते. त्यामुळे नवशिक्याने वेगवान रायफलीसाठी दिलेले जास्तीचे पैसे त्याच्याच गुणांवर उलटतात.

आमच्या मते पहिल्या रायफलीची निवड तिच्या मापावर व्हावी. दस्त्याची लांबी पाहण्यासाठी रायफलीचे बट, म्हणजे खांद्याला टेकणारे मागचे टोक, कोपराच्या आतल्या वळणात टेकवावे आणि त्याच हाताचे बोट चापापर्यंत सहज पोहोचते का, ते पाहावे. बोट ताणावे लागत असेल तर दस्ता लांब आहे आणि मूल मान पुढे काढून नेम धरणार हे निश्चित. गाल दस्त्यावर मोकळेपणाने टेकवल्यावर डोळा आपोआप साइटच्या रेषेत यायला हवा. तो यावा म्हणून मान वर-खाली करावी लागत असेल, तर गालपट्टी वर-खाली करता येणारा दस्ता निवडावा. वजनाबाबत पालकांची बहुधा गल्लत होते. नियमानुसार एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते आणि जड रायफल कमी हलते हेही खरे आहे. पण बारा वर्षांच्या मुलाने ती उभ्याने, पाठ मागे झुकवून, तासभर पेलायची असते. स्पर्धेत 60 गोळ्यांसाठी सव्वा तास मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या मुलाला साडेतीन-चार किलोची रायफल का सुचवली जाते, ते कळेल. "पुढच्या वर्षी उंची वाढेलच" म्हणून गणवेशासारखी एक माप मोठी रायफल घेऊ नये. लांबी वाढवण्यासाठी बटमागे जोडता येणारे तुकडे मिळतात, तेच घ्यावेत. डावखुऱ्या मुलांसाठी डाव्या हाताचा दस्ता मागवावा लागतो व त्याला वेळ लागतो, याची कृपया नोंद घ्यावी.

हाताइतकाच डोळाही पाहावा लागतो. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांमध्ये लहानसे भोक ठेवावे, त्यातून दूरच्या एखाद्या वस्तूकडे दोन्ही डोळ्यांनी पाहावे आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू भोकात कायम दिसते, तो प्रबळ डोळा होय. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघणे मुळीच दुर्मीळ नाही. अशा वेळी कोणत्या खांद्यावरून शिकायचे हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवावे आणि त्यानंतरच रायफल निवडावी, कारण एकदा लागलेली सवय मोडायला नव्या रायफलीच्या किमतीपेक्षा जास्त मोल द्यावे लागते.

आता स्कोपविषयी. ज्या ग्राहकाला तो खरोखरच उपयोगाचा आहे, त्याने त्यावरील आकडे वाचायला शिकावे. 4×32 या खुणेतील पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. 3-9×40 असल्यास तीन ते नऊ पटींपर्यंत बदल करता येतो. नवशिक्याला चार पट पुरेसे असते. पट वाढवली की लक्ष्याबरोबर आपल्या हातांचा थरथराटही तेवढाच मोठा दिसतो, आणि तो पाहून घाबरलेला माणूस चाप हळू दाबण्याऐवजी झटक्याने ओढतो. शिवाय भिंगाच्या व्यासाला पटीने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: 40 भागिले 9 म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटर, तर 32 भागिले 4 म्हणजे आठ. हा झोत जितका अरुंद, तितका डोळा नेमक्या जागी ठेवावा लागतो.

यापेक्षाही महत्त्वाची बाब पॅरालॅक्सची, म्हणजे डोळा सरकल्यावर नेम सरकल्यासारखा दिसण्याची, आहे. दारूच्या रायफलींसाठी बनवलेले पुष्कळ स्कोप सुमारे शंभर यार्डांवर जुळवलेले असतात. त्यांतून दहा-वीस मीटरवर पाहिले तर चित्र अंधुक दिसते, आणि डोळा किंचित सरकला की स्कोपमधील क्रॉस (नेमाच्या छेदणाऱ्या रेषा) लक्ष्यावरून इकडेतिकडे हलतो. म्हणून पुढच्या भिंगाभोवतीचे किंवा बाजूचे कडे फिरवून दहा मीटरपर्यंत खाली जुळवता येणारा स्कोपच घ्यावा. स्प्रिंगच्या रायफलीसाठी तर "एअर रायफलसाठी" असे स्पष्ट लिहिलेलाच हवा, कारण वर सांगितलेल्या दुहेरी धक्क्यातील पुढे जाणारा झटका साध्या स्कोपची आतली भिंगे सैल करतो. भारी किमतीचा पण चुकीचा स्कोप अशा रायफलीवर एका महिन्यात निकामी झालेला आम्ही पाहिला आहे, आणि तो दुरुस्तही झाला नाही. स्कोप रायफलीवर पकडून ठेवणारी बैठक घेताना रायफलीवरील खाच 11 मिलिमीटरची आहे का ते तपासावे, आणि स्प्रिंगवर मागे सरकू नये म्हणून थांबा असलेली बैठक वापरावी.

स्कोप जुळवण्याचे गणित सोपे आहे. बहुतेक स्कोपमध्ये जुळवणीच्या चकतीची एक टिचकी म्हणजे पाव मिनिट कोन असतो (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). शंभर मीटरवर तिने नेम सुमारे सात मिलिमीटर सरकतो, तर दहा मीटरवर एक मिलिमीटरहूनही कमी. म्हणजे दहा मीटरवर छरे एक सेंटिमीटर खाली लागत असतील, तर वरची चकती साधारण चौदा टिचक्या फिरवावी लागेल. मात्र एका छऱ्यावरून चकती फिरवू नये. पाच छरे मारून त्यांच्या पुंजक्याचा मध्य पाहावा.

छरे सपाट तोंडाचे घ्यावेत, कारण ते कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतात. दोन-तीन प्रकारचे डबे आणून आपल्या नळीला कोणता मानवतो ते टेकूवर ठेवून तपासावे. छरे शिशाचे असल्याने सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. घरगुती सरावासाठी लक्ष्यामागे उतरत्या पत्र्याची पेटी असावी. लाकडी फळी किंवा भिंत वापरू नये, कारण छरा उलटून डोळ्यापर्यंत येऊ शकतो. स्प्रिंगची रायफल छऱ्याशिवाय चालवू नये, तसे केल्यास पिस्टन आदळून खराब होतो. पीसीपीच्या हवा भरण्याच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लावू नये. ठेवताना रायफल रिकामी, नळी रिकामी असल्याचे दाखवणारी सुरक्षा दोरी नळीत घातलेली आणि छऱ्यांपासून वेगळी कुलपात असावी.

दुकानात येताना मुलाला सोबत आणावे, कारण फोनवर उंची विचारून रायफल सुचवणे आम्हाला जमत नाही. मूल चष्मा वापरत असेल तर तो, आणि प्रशिक्षकाने काही लिहून दिले असेल तर ती चिठ्ठी आणावी. आपल्या गावाजवळ रेंज असेल, उदाहरणार्थ कोल्हापुरातील दुधाळी, पुण्यातील बालेवाडी किंवा मुंबईतील वरळी, तर खरेदीपूर्वी तेथे महिना-दोन महिने क्लबच्या रायफलीवर सराव करून यावे. तोपर्यंत आम्ही आपल्याकडून बयाणा घेणार नाही. विकलेल्या रायफलीची पहिली जुळवणी, गालपट्टी बसवणे आणि सहा महिन्यांनंतरची एक तपासणी यांचे शुल्क आकारले जात नाही. दरपत्रक वेगळे छापलेले आहे, ते काउंटरवर मागून घ्यावे.