इन्सुलिनच्या उलट बाजूने: अर्ल सदरलंड यांचं संशोधन

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड या मधुमेहावरच्या इंजेक्शनांबद्दल सध्या भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा वजनाच्याच अंगाने. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशीला ही औषधं जो इशारा देतात, तो पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाच्या लहानशा रेणूमार्फत पोचतो. हा रेणू १९५०च्या दशकात अर्ल सदरलंड यांना सापडला. गंमत म्हणजे ते तेव्हा रक्तातली साखर वाढवणाऱ्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) मागे होते.

१९१५ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये जन्मलेले सदरलंड शिकले डॉक्टरकी. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम करून ते सेंट लुईसला परतले आणि कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत रमले. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला ग्लायकोजेनवरच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या साठ्यावरच्या, कामासाठी १९४७चं नोबेल मिळालं. इन्सुलिनच्या काही नमुन्यांनी साखर उतरण्याआधी थोडी चढते, हे कोडं तेव्हा जुनंच होतं. १९४८मध्ये सदरलंड आणि क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी ही साखर चढवणाऱ्या घटकाचा, म्हणजे ग्लुकागॉनचा, माग स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींपर्यंत नेला.

पुढचा प्रश्न अवघड होता. ॲड्रेनलिन किंवा ग्लुकागॉन मिळताच यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडू लागतं, ते कसं? ही सगळी साखळी फॉस्फोरिलेज या विकरापाशी (एन्झाइमपाशी) अडते, हे सदरलंड यांनी दाखवलं. वॉल्टर वोसिलेट यांच्यासोबत त्यांना दिसलं की हे विकर निष्क्रिय होताना फॉस्फेट सुटतं. म्हणजे फॉस्फेट चिकटलं की विकर चालू, सुटलं की बंद. (फॉस्फेट मोजण्याची त्या काळी सर्रास वापरली जाणारी पद्धत १९२५ची, फिस्के आणि आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची.) सिएटलमध्ये एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर स्नायूंवर काम करत याच निष्कर्षाला पोचत होते.

१९५३मध्ये सदरलंड क्लीव्हलंडला गेले आणि तिथे थिओडोर रॉल यांच्यासोबत खरा चमत्कार घडला. पेशी फोडली की संप्रेरकाचा परिणाम संपतो, अशी तेव्हा पक्की समजूत होती. यांनी मात्र यकृताच्या वाटलेल्या लगद्यातच संप्रेरक घातलं, आणि फॉस्फोरिलेज जागं झालं! मग लगदा यंत्रात गरगर फिरवून त्यातला गाळ काढला, तर परिणाम नाहीसा. संप्रेरक नुसत्या गाळात मिसळलं, मिश्रण उकळलं आणि ते वरच्या निवळीत ओतलं, तर परिणाम परत हजर. याचा अर्थ, संप्रेरकामुळे गाळातले, म्हणजे पेशीच्या आवरणाचे, तुकडे असं काहीतरी तयार करत होते जे उकळूनही टिकतं. विकरं उकळली की सहसा निकामी होतात. तेव्हा हा कुणीतरी साधा, चिवट रेणू असणार. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही.

तो रेणू कोणता, हे ठरवायला सदरलंड यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ लिऑन हेपेल यांना पत्र लिहिलं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डेव्हिड लिपकिन यांनीही एटीपीपासून (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूपासून) बनलेल्या एका अनोळखी पदार्थाबद्दल हेपेल यांनाच लिहिलं होतं. दोघांचा पदार्थ एकच आहे, हे हेपेल यांच्या लक्षात आलं. तोच सायक्लिक एएमपी.

संप्रेरक हा पहिला निरोप्या, तो दाराशीच थांबतो; आतला सायक्लिक एएमपी हा दुसरा. सुरुवातीला अनेकांना हे पटेना. इतकी वेगवेगळी कामं एकच रेणू कशी करवून घेईल, हा आक्षेप रास्तही होता. त्याचं उत्तर प्रत्येक पेशीत कोणती विकरं हजर आहेत यात निघालं. १९७१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल सदरलंड यांना एकट्याला मिळालं.

इन्सुलिन मात्र या चौकटीत नीट बसलंच नाही. चरबीच्या पेशींत ते सायक्लिक एएमपी कमी करतं, एवढं दिसत होतं. पण त्याचं मुख्य काम त्या वाटेने होत नाही. इन्सुलिनचा ग्राही (पेशीवरचा, इन्सुलिन जिथे चिकटतं तो रेणू) स्वतःच फॉस्फेट चिकटवणारं विकर आहे, हे मासातो कासुगा, रोनाल्ड कान आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये दाखवलं. सदरलंड १९७४मध्येच गेले होते.