रनिंग बॅकचे मूल्यमापन (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढत धावणाऱ्या खेळाडूला रनिंग बॅक म्हणतात. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ३२ संघांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, या खेळाडूवर कितव्या क्रमांकाची निवड खर्च करावी आणि पुढे करारात त्याला किती पैसे द्यावेत, हा त्या लीगमधला जुना वाद आहे. चेंडू फेकून चाल रचणाऱ्या क्वार्टरबॅकखालोखाल ज्याचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी असते तो हाच खेळाडू. पण २०२३ मध्ये लीगने खेळाडूंच्या जागांनुसार एका वर्षाच्या मानधनाचे जे अधिकृत आकडे ठरवले, त्यांत त्याच्या खाली फक्त चेंडूला लाथ मारणारे किकर आणि पंटर होते.

संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. यार्ड म्हणजे कापडाच्या दुकानातला आपला वार, तेव्हा हे अंतर नऊवारी लुगड्यापेक्षा वारभरच जास्त. चेंडू घेऊन धावल्यास एका प्रयत्नात सरासरी चार यार्डांहून थोडे अधिक मिळतात, तर क्वार्टरबॅकने तो फेकल्यास सुमारे सात. हा फरक पूर्वी इतका निर्णायक नव्हता, कारण फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचा धोका मोठा होता. १९७८ मध्ये नियम बदलले. बचाव करणाऱ्यांना पाच यार्डांपलीकडे झेल घेणाऱ्याला अडवण्यास मनाई झाली आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीला हात लांबवून, पंजे उघडे ठेवून अडवण्याची मुभा मिळाली. २००४ पासून पहिल्या नियमाची अंमलबजावणी अधिक कडक झाली. फेक सोपी आणि सुरक्षित होत गेली, तशी धावण्याची किंमत उतरत गेली.

त्याहून अवघड प्रश्न असा, की धावून मिळवलेले यार्ड जमा कुणाच्या खात्यात करायचे? एखादी साधी धाव जवळून पाहिली तर क्वार्टरबॅक चेंडू हातात देतो तेव्हा रनिंग बॅकसमोर असतात ते प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे, पाठमोरे पाच गडी. त्यांनी समोरच्यांना एका बाजूला रेटले, तर दोघांच्या मध्ये हातभर रुंदीची फट पडते आणि पापणी लवायच्या आत बुजते. पहिले दोन-तीन यार्ड बहुधा त्या फटीचे असतात. त्यापुढचे, एखाद्याला हुलकावणी देऊन किंवा दोघांना अंगावर घेऊन काढलेले, धावणाऱ्याचे. आकडेवारीच्या तक्त्यात मात्र सगळे त्याच्याच नावावर चढतात.

डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने हे कोडे सर्वांपुढे मांडले. प्रशिक्षक माइक शॅनहान यांच्या काळात सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर निवडलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ च्या हंगामात २,००८ यार्ड काढले. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला, तेव्हा चौथ्या फेरीतल्या ओलँडिस गॅरीने हजाराचा टप्पा ओलांडला आणि २००० मध्ये सहाव्या फेरीतल्या माइक अँडरसनने जवळपास दीड हजार यार्ड जमवले. धावणारे बदलत होते, फळी आणि तिची पद्धत तीच होती. नंतर आलेल्या क्लिंटन पोर्टिसने लागोपाठ दोन हंगामांत दीड हजारांवर यार्ड काढले, तरी डेन्व्हरने २००४ मध्ये त्याला वॉशिंग्टनला देऊन बचावपटू चॅम्प बेली आणि वर दुसऱ्या फेरीची एक निवड पदरात पाडून घेतली. रनिंग बॅक कुठूनही मिळतो, हा समज बराचसा या उदाहरणावर उभा आहे. अर्थात, तो थोडा ताणलेलाही आहे. डेव्हिसची गणना पुढे हॉल ऑफ फेममध्ये झाली, गॅरी आणि अँडरसन यांची नाही.

ड्राफ्ट हा आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात तळाशी राहिलेला संघ आधी निवडतो, आणि खर्च होते ती निवडण्याची पाळी. म्हणून रनिंग बॅक घेण्याची खरी किंमत म्हणजे त्याच पाळीत सोडून दिलेला दुसरा खेळाडू. १९३६ च्या पहिल्या ड्राफ्टमधली पहिलीच निवड, जे बर्वँगर, हा चेंडू घेऊन धावणारा हाफबॅक होता; तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला शेवटचा रनिंग बॅक म्हणजे १९९५ चा किजाना कार्टर. हंगामापूर्वीच्या सराव-सामन्यातच त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. १९९९ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स या एकाच धावपटूसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्या आणखी दोन देऊन टाकल्या. दोघे एका क्रीडा मासिकाच्या मुखपृष्ठावर नवरा-नवरीच्या वेशात झळकले. विल्यम्स नवरीच्या पोशाखात होता. संघाने त्या हंगामात १६ पैकी ३ सामने जिंकले आणि डिटका यांची नोकरी गेली.

तरीही २००५ मध्ये पहिल्या पाच निवडींत तीन रनिंग बॅक होते. घसरण त्यानंतरची. २०१३ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. १९६३ नंतर असे प्रथमच घडले, आणि २०१४ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. पुढे एझिकिएल एलियट (२०१६, चौथा) आणि सॅक्वॉन बार्कली (२०१८, दुसरा) यांसारखे अपवाद झाले, तर २०२४ मध्ये पहिला रनिंग बॅक थेट ४६व्या क्रमांकावर निघाला.

मोठ्या किमतीविरुद्धचा सर्वांत प्रसिद्ध दाखला ऑक्टोबर १९८९ चा आहे. डॅलस काउबॉइजने हर्शल वॉकर या रनिंग बॅकला मिनेसोटा व्हायकिंग्जकडे पाठवले आणि बदल्यात पाच खेळाडू व ड्राफ्टमधल्या निवडींचा ढीग मिळवला. त्यावर उभ्या राहिलेल्या संघाने १९९२ ते १९९५ या चार हंगामांत तीनदा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पण हा दाखला देणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: त्या ढिगातलीच एक निवड पुढे सरकवून डॅलसने १९९० मध्ये १७व्या क्रमांकावर जो एमिट स्मिथ घेतला, तोही रनिंग बॅकच होता. १९९३ मध्ये करारावरून स्मिथ घरी बसला, संघ पहिले दोन्ही सामने हरला आणि मालक जेरी जोन्स यांनी पैसे मोजले. त्याच हंगामात संघाने पुन्हा सुपर बोल जिंकला. स्मिथचे १८,३५५ यार्ड हा आजही कारकिर्दीचा विक्रम आहे.

आज तसे अडून बसणे अवघड झाले आहे, आणि त्याचे मूळ मैदानापेक्षा कागदपत्रांत अधिक आहे. शाळा संपल्यावर तीन वर्षे उलटल्याखेरीज खेळाडूला ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. मॉरिस क्लॅरेट या महाविद्यालयीन रनिंग बॅकने या अटीला न्यायालयात आव्हान दिले आणि खालच्या न्यायालयात तो जिंकलाही. परंतु २००४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यामुळे खेळाडू लीगमध्ये येतो तो साधारण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारापासून ड्राफ्टमधून आलेल्याचे मानधन निवडीच्या क्रमांकावरून जवळपास ठरलेले असते, करार चार वर्षांचा असतो, पहिली तीन वर्षे त्यात बदल करता येत नाही आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखून ठेवण्याचा हक्क संघाकडे असतो. मोकळ्या बाजारात पाऊल टाकेपर्यंत तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. क्वार्टरबॅकच्या दृष्टीने ही उमेदीची सुरुवात. दर आठवड्याला वीस-वीस वेळा अंगावर टक्कर घेणाऱ्या रनिंग बॅकच्या पायांतली चांगली वर्षे मात्र तोवर बरीचशी वापरून झालेली असतात, आणि तीही सर्वांत स्वस्त दरात.

त्यावर संघाच्या हाती फ्रँचायझी टॅग असतो. करार संपलेल्या एका खेळाडूला, त्याच्या जागेवरील सर्वाधिक मानधनांवरून काढलेली रक्कम देऊन, संघ आणखी वर्षभर अडकवू शकतो. दुसऱ्यांदा टॅग लावल्यास रक्कम २० टक्क्यांनी वाढते. वरचे मानधन घसरले की टॅगही घसरतो आणि घसरलेला टॅग पुढच्या वाटाघाटीत पायाभूत आकडा ठरतो. २०१७ मध्ये रनिंग बॅकचा टॅग सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर होता, २०२३ मध्ये १ कोटी ९१ हजार. याच काळात प्रत्येक संघाची एकूण मानधनमर्यादा १६ कोटी ७० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली होती. २०२३ चा क्वार्टरबॅकचा टॅग ३ कोटी २४ लाखांचा होता.

पिट्सबर्ग स्टीलर्सच्या लेव्हिऑन बेलने २०१८ मध्ये दुसरा टॅग, म्हणजे १ कोटी ४५ लाख डॉलर, नाकारला आणि अख्खा हंगाम बाहेर बसून काढला. त्याच्या जागी तिसऱ्या फेरीत निवडलेल्या जेम्स कॉनरने १३ सामन्यांत ९७३ यार्ड काढले आणि १२ टचडाउन केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेला. बेलला पुढे न्यूयॉर्क जेट्सने चार वर्षांचा ५ कोटी २५ लाखांचा करार दिला, पण दुसऱ्याच हंगामात सोडून दिले.

मोठ्या करारांचा अनुभवही संघांच्या भीतीला खतपाणी घालणारा ठरला. लॉस एंजेलिस रॅम्सने जुलै २०१८ मध्ये टॉड गर्लीला चार वर्षांसाठी ५ कोटी ७५ लाख देऊ केले, त्यांतले ४ कोटी ५० लाख हमीचे. त्याच हंगामाच्या अखेरीस त्याचा गुडघा कुरकुरू लागला आणि डिसेंबरमध्ये आणलेल्या सी. जे. अँडरसनने पहिल्या दोन्ही सामन्यांत शंभरावर यार्ड काढले. अँडरसनला त्याच हंगामात आधीच्या संघांनी काढून टाकले होते. गर्लीला रॅम्सने मार्च २०२० मध्ये सोडून दिले. डॅलसच्या एलियटने २०१९ मध्ये स्मिथचाच डाव त्याच मालकापुढे टाकला आणि ९ कोटी डॉलरला करार सहा वर्षांनी वाढवून घेतला. २०२३ मध्ये त्यालाही निरोप मिळाला आणि संघाने टॅग लावला तो चौथ्या फेरीतल्या टोनी पोलार्डला.

किंमत टिकते ती धावण्यापलीकडचे काम करणाऱ्याची. क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला मध्येच अडवणे हे रनिंग बॅकचे न दिसणारे काम आहे, आणि ते न जमणाऱ्या नवोदिताला प्रशिक्षक मैदानात फार वेळ ठेवत नाहीत. झेल घेण्याचे कौशल्य त्याहून महाग. ख्रिश्चन मकॅफ्री झेल घेणाऱ्यांच्या रांगेतही उभा राहू शकतो, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्यासाठी दुसऱ्या ते पाचव्या फेरीच्या चार निवडी मोजल्या आणि २०२४ मध्ये वार्षिक १ कोटी ९० लाख डॉलर दराने त्याचा करार वाढवला.

२०२३ च्या जुलैत बार्कली आणि जॉश जेकब्ज या टॅग लागलेल्या दोघांना मुदतीत दीर्घ करार मिळाला नाही, तेव्हा लीगमधल्या आघाडीच्या रनिंग बॅकनी व्हिडिओ कॉलवर बैठक घेतली. २०२० मध्ये झालेला नवा सामूहिक करार २०३० पर्यंतचा असल्याने तिच्यातून नियमांत काही बदलणार नव्हते. त्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सच्या डळमळीत फळीमागे बार्कलीने दर धावेला ३.९ यार्ड काढले आणि संघाने त्याला जाऊ दिले. फिलाडेल्फिया ईगल्सने मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरला त्याला घेतले. तिथे लीगमधल्या सर्वोत्तम फळ्यांपैकी एकीच्या मागे तोच माणूस, वर्षाने वयस्क होऊन, दर धावेला ५.८ यार्डांनी २,००५ यार्ड धावला आणि संघाने सुपर बोल जिंकला. रनिंग बॅकला पैसे द्यावेत म्हणणारे आणि फळीवर खर्च करावा म्हणणारे, दोघेही हाच दाखला देतात. ईगल्सने दोन्हींवर खर्च केला होता. मार्च २०२५ मध्ये त्यांनी २८ वर्षांच्या बार्कलीचा करार वार्षिक २ कोटी ६ लाख डॉलर दराने वाढवला, आणि रनिंग बॅकचा दर प्रथमच २ कोटींपलीकडे गेला. पुढच्याच महिन्यातल्या ड्राफ्टमध्ये लास व्हेगास रेडर्सने सहाव्या क्रमांकावर अ‍ॅश्टन जेंटी हा रनिंग बॅक उचलला.