निकाल आधीच ठरलेला, मग परीक्षण कशाचं?

२९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या पॉन्टिॲकच्या सिल्व्हरडोम स्टेडियमवर व्यावसायिक कुस्तीचा 'रेसलमेनिया ३' हा सोहळा झाला. शेवटची लढत हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची होती. होगनने त्या अवाढव्य माणसाला उचलून आपटलं, आणि ते दृश्य आजही जाहिरातींत फिरतं. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट जेमतेम पंधरा मिनिटं लढले होते. बहुतेक गर्दी होगन-आंद्रेसाठी आली होती. सोहळा भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीने गर्दीचा आकडा ९३,१७३ असा जाहीर केला. तो फुगवलेला आहे, खरा ७८ हजारांच्या आसपास होता, असं कुस्तीवर वार्तापत्र काढणारे पत्रकार डेव्ह मेल्टझर यांनी नंतर लिहिलं, आणि तो वाद अजून चालूच आहे.

याच मेल्टझर यांनी आपल्या वार्तापत्रात सॅव्हेज-स्टीमबोट लढतीला पाचपैकी साडेचार स्टार दिले. होगन-आंद्रेला दिले उणे चार. ज्या लढतीच्या नावावर तिकिटं खपली, तिला शून्याच्याही खाली! आंद्रेची पाठ तेव्हा पार गेलेली होती, त्याला धड हलताही येत नव्हतं. उलट सॅव्हेजने आपल्या लढतीची एकेक हालचाल आधी कागदावर उतरवून घोटून घेतली होती. दोन्ही लढतींचे निकाल आधी ठरलेले होते आणि परीक्षकाला ते पक्कं ठाऊक होतं. कोण जिंकलं यावर एकही गुण नव्हता, गुण होते ते लढत कशी उभी राहिली याचे.

आपल्याकडे नाटकाचं परीक्षण वाचताना 'नायक मरणार हे तर संहितेतच लिहिलंय' अशी तक्रार कुणी करत नाही. व्यावसायिक कुस्तीकडे त्याच नजरेने पाहायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्याची सुरुवात खऱ्या कुस्त्यांपासून, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या कंटाळ्यापासून होते.

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये शेफर्ड्स बुशच्या मैदानात आपला गामा पहिलवान पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिश्कोशी भिडला. गामाने त्याला लगेच खाली घेतला. पण झ्बिश्को जो पालथा पडून चटईला चिकटला, तो उठेचना. अडीच तासांहून अधिक वेळ हेच चाललं. पाठ काही लागली नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने, १७ सप्टेंबरला, पुन्हा कुस्ती ठरली होती, झ्बिश्को फिरकलाच नाही, आणि विजेतेपदाचा जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. कोल्हापूरच्या खासबागेत मल्ल असा पडून राहिला असता तर लोकांनी कुस्ती सोडवा म्हणून गलका केला असता. लंडनच्या तिकीटवाल्या प्रेक्षकाला तेवढीही सोय नव्हती.

अमेरिकेतही तीच गत. १९०८ मध्ये शिकागोत फ्रँक गॉचने जॉर्ज हॅकनश्मिटला दोन तास झुंजवून हार मानायला लावली. १९११ मध्ये त्याच दोघांची दुसरी कुस्ती कॉमिस्की पार्कवर झाली तेव्हा हॅकनश्मिटचा गुडघा दुखावलेला होता. हजारो लोकांसमोर ती अगदीच फुसकी निघाली. १९१६ च्या ४ जुलैला ओमाहात जो स्टेकर आणि एड 'स्ट्रँगलर' लुईस जवळजवळ पाच तास लढले आणि तीही बरोबरीत. पहिलवानांचं पोट भरणारा प्रेक्षक अशाने टिकत नाही. ठरवलेल्या कुस्त्या जत्रा-मेळ्यांत त्याआधीही होतच होत्या. पण १९२० च्या दशकात स्ट्रँगलर लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाने त्याचा रीतसर धंदा केला. लढतीला वेळेची मर्यादा आली, मुष्टियुद्धातले ठोसे आणि उचलून आपटणं आलं, आणि शेवट कसा करायचा हे आधी बसून ठरू लागलं. आज ज्याला 'फिनिश' म्हणतात तो रचण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणावर माँटला जातं.

यातून एक अडचण तयार झाली. हे सगळं खरं आहे, असंच बाहेर दाखवायचं होतं. कुस्तीवाल्यांच्या बोलीत या गुप्ततेला 'केफेब' म्हणतात. रिंगमधले वैरी एका गाडीतून प्रवास करत नसत, एका टेबलावर जेवत नसत. अशा परिस्थितीत परीक्षण लिहिणार कोण? खेळाच्या पानाला हा खेळ वाटेना. नाट्यसमीक्षकाने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. उरली ती कुस्तीची रंगीत मासिकं. त्यांत फोटो सुंदर असत, पण मजकूर सगळा केफेबच्या आतला: अमक्याने तमक्याचा सूड घेतला, पट्टा गेला, पट्टा आला. १९७९ मध्ये सुरू झालेलं 'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड' त्याच घराण्यातलं. त्याच्या वार्षिक पुरस्कारांत वर्षातली सर्वोत्तम लढतही निवडली जाई, पण लढत चांगली कशामुळे झाली हे खरेपणाने लिहायची सोय तिथे नव्हती.

या विषयावर गंभीरपणे लिहिणारा पहिला मोठा माणूस भलत्याच दिशेने आला. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांचा कुस्तीवरचा निबंध १९५७ साली पुस्तकात आला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हा खेळ नसून देखावा आहे, आणि इथे प्रेक्षक वेदना, पराभव आणि न्याय यांचं दर्शन घ्यायला येतो. निबंध आजही ताजा वाटतो. पण तो कुस्ती या प्रकाराबद्दल आहे. अमुक रात्रीची अमुक लढत बरी की वाईट, हे तो सांगत नाही.

त्याच काळात मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना गर्दी लोटत होती. लोक त्याला 'फ्रीस्टाइल' म्हणायचे. हा शब्द मराठीत इतका मुरला की गल्लीत दोन गट भिडले तरी बातमीचा मथळा 'फ्रीस्टाइल हाणामारी' असाच येतो. एकीकडे तांबड्या मातीत घिस्सा, ढाक, कलाजंगवर जीव टाकणारा, हलगीच्या ठेक्यावर निकाली कुस्तीची वाट पाहणारा रसिक होता, दुसरीकडे फ्रीस्टाइलचा तमाशा. मातीवाल्यांनी फ्रीस्टाइलला नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती म्हणून हिणवलं आणि विषय तिथेच संपवला. मला याची फार हळहळ वाटते. डाव ओळखणारी, एकेका पकडीची चर्चा करणारी नजर आपल्याकडे होती. ती या प्रकाराकडे वळली असती तर परीक्षणाची परंपरा इथेही रुजू शकली असती. नव्वदीत केबल आली तेव्हा आमच्या पिढीच्या हातात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आले: रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती. सगळे आकडे पहिलवानाचे, लढतीचा एकही नाही.

लढतीला आकडा द्यायची कल्पना अमेरिकेतल्या दोन तरुण मित्रांची. केंटकीतल्या लुईव्हिलचा जिम कॉर्नेट पोरवयातच रिंगच्या कडेला फोटो काढत असे. पुढे तो मॅनेजर म्हणून गाजला. त्याने आणि त्याचा मित्र नॉर्म डूली याने सिनेमाच्या परीक्षणातले स्टार उचलून कुस्तीला लावले. मेल्टझर यांनी ते आपल्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्रात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणले आणि जगभर पोचवले. शून्य ते पाच, मध्ये पाव-पाव स्टारचे टप्पे, आणि फारच वाईट असेल तर उणे.

त्या काळी असं लिहिणं धाडसाचं होतं. १९८४ च्या डिसेंबरात टीव्ही पत्रकार जॉन स्टॉसेल यांनी डेव्हिड शुल्ट्झ या कुस्तीगिराला तोंडावर 'मला वाटतं हे खोटं आहे' असं म्हटलं. शुल्ट्झने त्यांना दोन्ही कानांवर एकेक सणसणीत ठेवून दिली, कॅमेऱ्यासमोर. ऑब्झर्व्हर टपालाने वर्गणीदारांच्या घरी जायचा, आणि वाचणाऱ्यांत खुद्द कुस्तीगीर आणि प्रमोटरही होते. चारचौघांत नाकारायचं आणि घरी जाऊन आपल्याला किती स्टार मिळाले ते पाहायचं, असा तो काळ.

या परीक्षणाला खरी धार आणली व्हिडिओ कॅसेटने. अमेरिका आणि जपान दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एनटीएससी, त्यामुळे तोक्योत रेकॉर्ड झालेली कॅसेट अमेरिकेतल्या मशीनवर थेट चालायची. चाहते टपालाने कॅसेटींची अदलाबदल करू लागले. २३ एप्रिल १९८१ रोजी तोक्योत मुखवटाधारी टायगर मास्क आणि इंग्लंडचा डायनामाइट किड पहिल्यांदा भिडले. तो वेग अमेरिकन प्रेक्षकाने पाहिलाच नव्हता. जपानी बायकांच्या लढतीही अशाच पोचल्या. अमेरिकेत बायकांना चार-पाच मिनिटं मिळत होती तेव्हा मानामी टोयोटा आणि क्योको इनोउए यांनी मे १९९५ मध्ये पूर्ण तासभर लढून बरोबरी केली आणि पाच स्टार घेतले. लढत मागे नेऊन पुन्हा पाहता येऊ लागली, दोन देशांच्या लढती शेजारी ठेवून तोलता येऊ लागल्या. माझ्या मते स्टारपेक्षा ही सोय जास्त मोलाची ठरली.

मग पाहायचं काय? चाहत्यांच्या भाषेत पहिली गोष्ट 'सेलिंग', म्हणजे लागलेला मार अंगावर दिसणं, आणि पाच मिनिटांनी तो विसरला न जाणं. दुसरी 'सायकॉलॉजी', म्हणजे एका डावातून दुसरा का निघाला याचं कारण. याचा सर्वोत्तम धडा रिक फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट यांनी १९८९ मध्ये दिला. फेब्रुवारीत शिकागो, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स, मे महिन्यात नॅशव्हिल: तिन्ही लढतींना मेल्टझर यांचे पाच स्टार. न्यू ऑर्लिन्सची लढत तीनपैकी दोन फेऱ्यांची होती आणि जवळजवळ तासभर चालली. दुसरी फेरी स्टीमबोटने फ्लेअरचे दोन्ही हात मागे पिरगाळून, त्याला उचलून धरून घेतली. फ्लेअर मात्र त्याच्या पायावर राबत होता. शेवटच्या फेरीत स्टीमबोटने तीच पकड पुन्हा घातली, उचललं, आणि त्याचा तो दुखरा पाय वाकला. दोघे मागे कोसळले, दोघांचीही पाठ टेकली. पंचाची तीनपर्यंतची मोजणी संपायच्या आत स्टीमबोटने खांदा उचलला आणि तो जिंकला. पायावरचा एवढा वेळ चाललेला मारा शेवटच्या तीन सेकंदांत वसूल झाला. निकाल ठरलेला होताच, पण तो असा गाठायचा हे कसब. परीक्षण करायचं ते या कसबाचं.

योगायोग असा की त्याच फेब्रुवारीत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर विन्स मॅकमहन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने कबूल केलं की आमची कुस्ती ही करमणूक आहे. राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टाळायचे होते, म्हणून दशकानुदशकं जपलेलं गुपित सरकारी दप्तरात गेलं. त्यानंतर परीक्षकावर गुपित फोडल्याचा आळ घेण्यात अर्थ राहिला नाही.

मात्र एकाच माणसाची आवड जगाचं माप बनली, हे मला खटकतं. मेल्टझर यांना वेगवान, लांबलचक, जपानी वळणाची कुस्ती भावते आणि ते ती लपवतही नाहीत. १९९७ नंतर डब्ल्यूडब्ल्यूईच्या एकाही लढतीला त्यांनी पाच स्टार दिले नाहीत, ते थेट जुलै २०११ मध्ये शिकागोजवळच्या सीएम पंक विरुद्ध जॉन सीनापर्यंत. मग ४ जानेवारी २०१७ रोजी तोक्यो डोममध्ये काझुचिका ओकादा आणि केनी ओमेगा यांच्या पाऊण तासाच्या लढतीला सहा, आणि जून २०१८ मध्ये ओसाकात त्याच दोघांना सात. पाचाच्या मापात सात बसवले की मापच सैल होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. लढत अफाट होती, पण ती शब्दांत सांगता आली असती. सोबतचा मजकूर न वाचता नुसता आकडा घेऊन भांडणारा चाहतावर्ग यातूनच वाढला.

आणि या आकड्यांचा विचार करताना एक लढत माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ३ जून १९९४, तोक्योचं निप्पोन बुदोकान, मित्सुहारु मिसावा विरुद्ध तोशिआकी कावादा. शाळेपासूनचे सोबती, एक कायम पुढे, दुसरा कायम एक पाऊल मागे. कावादाची प्रत्येक लाथ त्या सगळ्या वर्षांची असते. पस्तीस मिनिटांनंतरही तो पडायला तयार नसतो, तेव्हा मिसावा त्याचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उचलतो आणि सरळ मानेवर सोडतो. या डावाचं नाव टायगर ड्रायव्हर '९१. इतका धोक्याचा की मिसावा तो क्वचितच काढायचा. पाच स्टार. व्यावसायिक कुस्तीतली सर्वश्रेष्ठ लढत म्हणून तिचं नाव आजही घेतलं जातं, आणि माझंही मत तेच आहे. त्यानंतरची काही वर्षं तिथल्या रिंगमध्ये मानेवर पडण्याचे डाव वाढतच गेले, प्रत्येक मोठ्या लढतीला आदल्या लढतीच्या पुढे जायचं होतं.

१३ जून २००९ रोजी हिरोशिमात एका लढतीत मिसावाला नेहमीचाच बॅक सुप्लेक्स, म्हणजे मागून उचलून पाठीवर आपटण्याचा डाव, बसला. पंचाने विचारलं, हलता येतंय का? त्याला हलता येत नव्हतं. तो त्याच रात्री गेला. ४६ वर्षांचा होता, आणि मानेतला मज्जारज्जू तुटला होता.