हातून सुटलेला दगड पुढे का जातो? ग्रीक गतिविचाराची पार्श्वभूमी

गतीचे नियम शिकवताना ॲरिस्टॉटलचे नाव बहुधा एका चुकीच्या मताचा धनी म्हणूनच घेतले जाते. जड वस्तू लवकर पडते असे तो म्हणाला आणि गॅलिलिओने ते खोडून काढले, एवढ्यावर विषय आटोपतो. यात ॲरिस्टॉटलवर अन्याय होतोच. शिवाय त्याच्या मांडणीतला कच्चा दुवा ग्रीक परंपरेतल्याच अभ्यासकांनी गॅलिलिओच्या कितीतरी शतके आधी हेरला होता, ही गोष्ट झाकली जाते.

ॲरिस्टॉटलला (इ.स.पू. 384–322) सुरुवात करावी लागली ती मुळात गती शक्य आहे की नाही, इथपासून. दक्षिण इटलीतल्या एलिया या ग्रीक वसाहतीत पार्मेनिडीसने असे मांडले होते की, जे आहे ते नाहीसे होऊ शकत नाही आणि जे नाही त्यातून काही उपजू शकत नाही. त्यामुळे बदल हा केवळ भास आहे. त्याचा शिष्य झेनो याने रचलेल्या युक्तिवादांपैकी बाणाचा युक्तिवाद आजही अस्वस्थ करतो. उडता बाण कोणत्याही एका क्षणी स्वतःच्या लांबीएवढीच जागा व्यापतो, म्हणजे त्या क्षणी तो स्थिर असतो. मग काळ अशाच क्षणांचा बनलेला असेल, तर बाण हलतो तरी केव्हा? ल्युसिपस आणि डेमोक्रिटस यांनी पोकळीत सदैव धावणारे अणू कल्पून या कोंडीतून वाट काढली. मात्र ते अणू कशामुळे धावतात, हे त्यांनी सांगितलेच नाही, अशी ॲरिस्टॉटलची तक्रार होती.

त्याचे स्वतःचे उत्तर दोन प्रकारच्या गतींवर उभे आहे. माती आणि पाणी विश्वाच्या मध्याकडे, तर हवा आणि अग्नी वर, अशी प्रत्येक मूलतत्त्वाची आपापली जागा ठरलेली आहे; त्या जागेकडे जाणे ही नैसर्गिक गती. दगड खाली पडतो तो कोणी ओढतो म्हणून नव्हे, तर तो मातीचा आहे म्हणून. आकाशस्थ गोल मात्र पाचव्या तत्त्वाचे, आणि त्यांची वर्तुळाकार गती कधीही न थांबणारी. याउलट दगड वर फेकणे किंवा गाडा ओढणे ही सक्तीची गती. तिला बाहेरचा चालक लागतो आणि त्याचा जोर संपताच ती थांबते. जमिनीवर ओढल्या जाणाऱ्या ओझ्याचा रोजचा अनुभव नेमका हाच होता. आपल्या ‘फिजिक्स’ या ग्रंथात तो जहाज ओढणाऱ्या माणसांचे उदाहरण देतो: पुष्कळ माणसे मिळून जहाज काही अंतर सरकवतात, म्हणून एकटा माणूस त्याच हिशोबाने थोडे तरी सरकवील असे नाही, ते जागचे हलणारही नाही. घर्षणाचा अनुभव इतक्या बारकाईने टिपणाऱ्या माणसाला निरीक्षण येत नव्हते, असे म्हणता येत नाही.

अडचण आली ती फेकलेल्या वस्तूपाशी. हात सुटल्यानंतर दगडाला चालक कोण? ॲरिस्टॉटलने ही जबाबदारी हवेवर टाकली: फेकणारा हात भोवतालच्या हवेलाही ढकलण्याची शक्ती देतो आणि ती शक्ती हवेच्या एका थराकडून पुढच्या थराकडे जात क्षीण होते. हवेसारख्या याच माध्यमाच्या, म्हणजे वस्तू ज्यातून जाते त्या पदार्थाच्या, आधारे त्याने पोकळीही नाकारली. माध्यम जितके विरळ तितका वेग जास्त, म्हणून माध्यमच नसेल तर वेग अमर्याद होईल, आणि ते अशक्य आहे. पुढे तो आणखी एक मुद्दा मांडतो: पोकळीत सुटलेली वस्तू अमुकच ठिकाणी का थांबावी, याला काही कारण उरणार नाही, अधिक बलवान काही आड आले नाही तर ती अखंड चालतच राहील. जडत्वाच्या नियमाच्या इतक्या जवळ जाऊन त्याने तो निष्कर्ष पोकळी नसल्याचा पुरावा म्हणून वापरला. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच जागा.

ॲरिस्टॉटलच्याच विद्यापीठाचा पुढे प्रमुख झालेला स्ट्रॅटो याने पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो हे दाखवण्यासाठी छपरावरून पडणारे पाणी पाहायला सांगितले: वर अखंड असलेली धार खाली येताना तुटते. इ.स.पू. दुसऱ्या शतकात खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसने वर फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याचे बल शिरते आणि हळूहळू ओसरते, असे सुचवले. हवेच्या स्पष्टीकरणावर खरा घाव मात्र अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने घातला. सहाव्या शतकात ‘फिजिक्स’वर भाष्य लिहिताना तो विचारतो की, हवाच बाणाला नेत असेल तर धनुष्याची दोरी आणि हाताचा स्पर्श लागतो कशाला? काठीवर बाण ठेवून असंख्य यंत्रांनी मागून हवेचा झोत सोडला, तरी बाण हातभरही पुढे जाणार नाही. त्याच्या मते चालकशक्ती फेकणाराच वस्तूत भरतो. त्याच भाष्यात तो असेही नोंदवतो की, एकमेकांच्या कित्येक पट वजनाच्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या वेळेत अगदी थोडाच फरक पडतो.

वस्तूतच शक्ती भरली जाते, हा विचार पुढे पर्शियन तत्त्वज्ञ इब्न सिना आणि चौदाव्या शतकात पॅरिसचा तत्त्वज्ञ ज्याँ ब्युरिदाँ यांच्याकडे वेगवेगळ्या रूपांत दिसतो. फिलोपोनसचे भाष्य 1535 मध्ये व्हेनिस येथे ग्रीकमध्ये छापले गेले. त्याच शतकाच्या अखेरीस पिसा येथे असताना लिहिलेल्या गतीविषयक लेखनात तरुण गॅलिलिओ फिलोपोनसचा नावाने उल्लेख करतो, आणि वर फेकलेल्या वस्तूतले बल ओसरत जाते हे हिपार्कसच्या मतासारखेच मत स्वतःही मांडतो.